चेरीचा बहर आणि उन्हापावसातील बुद्ध

(वैशाख पौर्णिमेनिमित्त संस्थेच्या सभागृहात एका निवृत्त शिक्षिकेने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या सचिवांनी मला, "मॅडम, अमेरिकेला लेकीकडे जाऊन आलात, त्यावर बोला," असा आग्रह केला, तेव्हा मी त्यांना म्हटले होते की नागपूरच्या या उन्हात माझे प्रवासवर्णन ऐकायला कोण येणार? ते म्हणाले, "कूलर लावले आहेत." तेव्हा आपण कूलरसाठी आला असाल तरी माझी तक्रार नाही. मात्र मी प्रवासवर्णन करणार नाही. मी एका बागेविषयी बोलणार आहे. त्या बागेत मी फुले पाहायला गेले होते.

सॅन फ्रान्सिस्को शहरात गोल्डन गेट पार्क नावाचे प्रचंड मोठे उद्यान आहे. त्या उद्यानाच्या आत जॅपनीज टी गार्डन नावाची, साधारण पाच एकरांची जपानी बाग आहे. २०२४ च्या मार्चअखेरीस माझी मुलगी मला आणि तिच्या मुलाला, म्हणजे माझ्या नातवाला, तेथे घेऊन गेली. चेरी फुलली आहे, आणि फुलोरा फार दिवस टिकत नाही, म्हणून त्याच रविवारी निघालो. आकाश भरून आले होते. समुद्रावरून येणारे धुके अंगावर येत होते. एकदा भुरभुर पाऊसही येऊन गेला.

चेरीचे झाड आपल्यापैकी अनेकांनी चित्रातच पाहिले असेल. आपल्याकडे पळस जसा पानांशिवाय पेटतो, तसे या झाडाचे आहे. पाने यायच्या आधीच फांदी न फांदी फुलांनी झाकून जाते. पळस डोळ्यांत भरतो, ही फुले मात्र इतकी फिकी की लांबून फांद्यांना धुकेच अडकले आहे असे वाटते. कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेल्या असतात, हिवाळाभर झाड त्या मिटून धरते, आणि पुरेशी थंडी खाल्ल्यानंतर ऊब आली की सोडते. ती थंडी आपल्याकडे मिळत नाही. पुण्याला सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यानात ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर सुंदर जपानी बाग केली आहे, ती जरूर पाहा. पण चेरीच्या बहराची अपेक्षा ठेवून जाऊ नका.

जपानमध्ये सर्वत्र दिसणारी जी सोमेई-योशिनो जात आहे, ती कलमाने वाढवतात. एदो, म्हणजे जुन्या तोक्योजवळच्या सोमेई गावातल्या माळ्यांनी ती पसरवली. सगळी झाडे एकाच झाडाची कलमे असल्यामुळे एका ठिकाणची झाडे एकदम फुलतात आणि एकदम झडतात. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण त्या एकदम झडण्यावर पुढे फार काही रचले गेले. त्याकडे मी येईनच.

फुले पाहायला जाण्याच्या या प्रथेला जपानी लोक हानामी म्हणतात. इ. स. ८१२ मध्ये सम्राट सागा याने फुलांच्या निमित्ताने मेजवानी केली होती, अशी जुनी नोंद आहे. क्योतोच्या चेरीच्या बहराच्या तारखा दरबारी रोजनिशांतून आणि इतर कागदांतून बाराशे वर्षे मागेपर्यंत गोळा करता आल्या आहेत. त्या सगळ्या नोंदींत सर्वांत लवकर आलेल्या बहरांपैकी एक २०२१ चा, २६ मार्चचा. पृथ्वी तापते आहे याचा पुरावा दरबाऱ्यांच्या रोजनिशीत सापडावा, ही मला मोठी गमतीची आणि काळजीची गोष्ट वाटते. पण सम्राटाच्या मेजवानीत सामान्य माणसाला कुठले पान वाढले जाणार? १७२० च्या सुमारास योशिमुने नावाच्या शोगुनने एदोजवळच्या असुकायामा टेकडीवर चेरीची झाडे लावली आणि ती जागा सर्वसामान्यांना मोकळी करून दिली, तेव्हा कुठे शिंपी, सुतार, हमाल झाडाखाली चटई टाकून बसू लागले. सार्वजनिक जागा याचा अर्थ काय, हे महाडचा इतिहास ठाऊक असणाऱ्यांना मी समजावून सांगण्याची गरज नाही.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. त्या विद्यापीठापासून जवळच साकुरा पार्क नावाची छोटी बाग आहे. १९१२ साली न्यूयॉर्कच्या जपानी रहिवाशांनी शहराला चेरीची झाडे भेट दिली होती, त्यावरून ते नाव पडले. बाबासाहेबांनी ती झाडे पाहिली असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे अशा वाक्यांना लगेच पाय फुटतात आणि पुढच्या स्मरणिकेत बाबासाहेब चेरीखाली अभ्यासाला बसलेले असतात!

तर आम्ही बागेत गेलो. तिकीट काढून मोठ्या लाकडी दरवाजातून आत शिरलो. लहान लहान टेकाडे, दगडी दिवे, तळ्यात रंगीत मासे आणि एक लाकडी कमानी पूल. पूल इतका उभा की मुले चारही हातापायांनी चढतात. नातू तीनदा चढला. पुलाचे अर्धवर्तुळ आणि पाण्यातले प्रतिबिंब मिळून पूर्ण वर्तुळ दिसते. पाच मजली लाल पॅगोडा आहे, तो १९१५ च्या प्रदर्शनातून येथे आला. चहाघरात चहा मिळतो आणि त्यासोबत घडी घातलेले बिस्किट, ज्याच्या पोटात भविष्याची चिठ्ठी असते. ही बिस्किटे अमेरिकेत चिनी खाणावळीत देतात, पण ती या जपानी बागेतून सुरू झाली असे येथील लोक अभिमानाने सांगतात. नातवाच्या चिठ्ठीत त्याला लवकरच धनलाभ होणार होता. तो आठ वर्षांचा आहे.

चेरीखाली माणसांची दाटी होती. सगळ्यांच्या हातात मोबाईल. मीही फोटो काढले, खोटे कशाला बोलू? वाऱ्याची झुळूक आली की पाकळ्या गळत आणि सगळे "आहा" म्हणत. अशी फुले पाहत पुढे गेले आणि समोर बुद्ध दिसले.

साडेदहा फुटांहून उंच, काशाची बैठी मूर्ती. वर छत्र नाही, देऊळ नाही. १७९० साली जपानच्या ताजिमा प्रांतात ती ओतली. १९४९ साली शहरातील गम्प नावाच्या व्यापारी पेढीने ती बागेला दिली. तिचे जपानी नाव अमाझाराशी-नो-होतोके, म्हणजे उन्हापावसात उघड्यावर बसलेले बुद्ध. मी हात जोडले. तिसरण म्हटले. शेजारची माणसे जरा सरकून उभी राहिली. खांद्यावर दोन-तीन पाकळ्या ओल्या होऊन चिकटल्या होत्या.

तेवढ्यात नातवाने विचारले, "आजी, ही बाग कोणी केली?" शिक्षिकेला असा प्रश्न विचारला की तिला उत्तर देणे भाग असते. दरवाजाजवळ एक धातूचा फलक पाहिला होता. आम्ही परत तेथे गेलो. त्यावर माकोतो हागिवारा आणि त्यांच्या कुटुंबाचे नाव आहे. १८९५ ते १९४२ या काळात त्यांनी ही बाग जोपासली, असा त्याचा आशय. नातू गणितात हुशार. म्हणाला, "मग १९४२ ला त्यांनी का सोडली?"

मित्रहो, मी आज उभी आहे ती या प्रश्नासाठी.

१८९४ साली गोल्डन गेट पार्कमध्ये एक मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्यात जॉर्ज टर्नर मार्श नावाच्या, जपानी वस्तूंचा व्यापार करणाऱ्या गृहस्थाने एक जपानी गाव उभे केले. प्रदर्शन संपल्यावर इतर बहुतेक मांडव मोडले, हे राहिले, आणि ते सांभाळण्याचे काम माकोतो हागिवारा या जपानी माळ्याकडे आले. उद्यानाचे अधीक्षक जॉन मॅकलारेन यांच्याशी त्यांचा तोंडी करार झाला. एकमेकांच्या शब्दावर भरवसा. मधली काही वर्षे त्यांना तेथून दूरही केले गेले, पण ते परत आले. एक एकराची बाग पाच एकरांची झाली. जपानहून झाडे, मासे, पक्षी, मूर्ती आणवल्या, त्यात स्वतःचा पैसा घातला. कुटुंब बागेतच घर करून राहिले. १९२५ मध्ये माकोतो वारले. त्यांच्यानंतर मुलगी ताकानो आणि नातवंडे बाग चालवू लागली. नातवंडे तर तेथेच जन्मलेली, अमेरिकेची नागरिक.

माकोतो स्वतः मात्र नागरिक होऊ शकले नसते. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याने जपानी माणसाला नागरिकत्व मिळत नसे. कॅलिफोर्नियाने १९१३ साली कायदा करून अशा, नागरिक होण्यास अपात्र ठरवलेल्या लोकांना शेतजमीन घेण्यास बंदी केली. १९२२ साली ताकाओ ओझावा नावाचा जपानी गृहस्थ सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालय म्हणाले की तू गोरा नाहीस. पुढच्याच वर्षी, १९२३ साली, आपल्याकडचे एक शीख गृहस्थ, भगतसिंग थिंद, तेथे उभे राहिले. अमेरिकन सैन्यात नोकरी केलेले. त्यांच्या बाजूने मांडणी अशी झाली की आम्ही उच्चवर्णीय आहोत, आर्य आहोत, आणि गोरा जसा निग्रोला दूर ठेवतो तसेच आम्हीही खालच्यांना दूर ठेवतो, तेव्हा आम्हाला गोऱ्यांत धरा! न्यायालयाने त्यांनाही परत पाठवले. विषमतेचा दाखला काढून समतेच्या दारात उभे राहिलेला माणूस मला दुसरा आठवत नाही. विद्यार्थ्यांनी हा निकाल मुळातून जरूर वाचावा.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नऊ हजार सहासष्ट क्रमांकाचा आदेश काढला. त्यान्वये पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या माणसांना घरांतून काढून छावण्यांत कोंडले. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. गुन्हा काय, तर आजोबा जपानी. हातात मावेल तेवढेच सामान न्यायचे. दुकाने, शेते, पियानो, शिलाई यंत्रे मातीमोलाने विकली गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या बहुतेक जपानी कुटुंबांना आधी टॅनफोरान येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, तबेल्यांत ठेवले आणि नंतर युटा राज्यातल्या टोपाझच्या वाळवंटात नेले.

हागिवारा कुटुंबालाही बाग सोडावी लागली. ते गेल्यावर त्यांचे घर पाडले. त्यांचे छोटे शिंतो देवस्थान काढून टाकले. बागेचे नावही बदलले. जपानी शब्द नको म्हणून ओरिएंटल टी गार्डन केले, आणि जुने नाव १९५२ पर्यंत परत आले नाही. युद्ध संपल्यावर कुटुंब परतले तेव्हा राहायला घर नव्हते आणि बाग चालवायलाही मिळाली नाही. शब्द दिला होता त्या मॅकलारेन यांचा १९४३ मध्ये मृत्यू झालेला. शब्द माणसाबरोबर गेला. घराच्या जागी आज एक खोलगट, फार सुंदर बगीचा आहे. मी तेथे मघाशीच फोटो काढला होता.

या छावण्यांतील बौद्धांविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. हल्ल्यानंतर ज्यांना प्रथम पकडले त्यांत बौद्ध धर्मगुरू बरेच होते. शेतातले सामान्य लोक घाबरून जपानी पुस्तके, सुत्ते, पत्रे जाळू लागले, पुरू लागले. तरीही ८ एप्रिलला छावण्यांत हानामात्सुरी झाली. हानामात्सुरी म्हणजे फुलांचा सण, जपानमधील बुद्धजयंती. त्या दिवशी फुलांच्या मंडपात बालसिद्धार्थाची मूर्ती ठेवून तिच्यावर गोड चहा ओततात. छावणीत मूर्ती कुठून आणणार? एका छावणीत भिक्षूंनी गाजर कोरून बालबुद्ध केला. आणि टोपाझच्याच छावणीत, १९४४ साली, अमेरिकेतील जपानी बौद्धांच्या जुन्या संस्थेची पुनर्रचना होऊन तिला आजचे नाव मिळाले, बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका. काटेरी तारेच्या आत बसून त्यांनी घटना लिहिली, पदाधिकारी निवडले, ठराव केले. आपली वार्षिक सभा गणपूर्तीअभावी दोनदा तहकूब झाली, हे येथे सहज आठवले.

आता तो झडण्याचा मुद्दा. चेरी झडते, म्हणून जीवन क्षणभंगुर, म्हणून हळहळू नका, असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. ऐकायला गोड वाटते. पण हीच उपमा जपानच्या लष्करशाहीने तरुणांच्या गळ्यात बांधली. चेरीसारखे गळून पडा, म्हणाले. युद्धाच्या अखेरीस स्फोटकांनी भरलेले एक आत्मघाती विमान बनवले, त्यात बसलेला मुलगा परत यायचाच नाही, त्याला नाव दिले ओका, म्हणजे चेरीचे फूल. फुलाचा यात काय दोष? पण अनित्यतेचा उपदेश नेहमी मरणाऱ्याला आणि गमावणाऱ्यालाच का केला जातो, हे विचारले पाहिजे. हागिवारांना कोणी म्हणाले असते, सर्व अनित्य आहे, बाग सोडा, तर तो धम्म झाला असता काय? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अनित्यता वेगळ्या अंगाने मांडली आहे. सर्व अनित्य आहे म्हणूनच वाढ शक्य आहे, बदल शक्य आहे, असे ते दाखवतात. अनित्य आहे म्हणून तर जात जाऊ शकते आणि आदेश रद्द होऊ शकतो.

आणि तो झालाही, पण त्यासाठी माणसे अनेक वर्षे झगडली. १९८८ साली अमेरिकेने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. जे मेले होते त्यांचे राहिलेच. बागेतला तो फलक १९७४ चा आहे. तो केला रुथ असावा या शिल्पकार स्त्रीने. ती स्वतः शाळकरी वयात कुटुंबासह छावणीत होती, आधी घोड्यांच्या तबेल्यात. १९८६ मध्ये बागेसमोरच्या रस्त्याला हागिवारांचे नाव दिले. हागिवारांनी वाढवलेली बुटकी झाडे त्यांनी जाताना विश्वासू माणसाच्या हवाली केली होती. ती पुढे विकली गेली, आणि ज्या दांपत्याकडे गेली त्यांच्या मृत्युपत्राने कालांतराने बागेत परतली. आज एका उतारावर ती उभी आहेत. त्या उतारासमोर मला कोणी फोटो काढताना दिसले नाही. सगळे चेरीकडे.

माझ्या आईने आमच्या जुन्या वस्तीत दाराशी शेवगा लावला होता. रस्ता रुंद करायचा म्हणून वस्ती उठवली, तेव्हा आम्हाला दुसरीकडे जागा मिळाली, नाही असे नाही. पण रस्ता त्या बाजूला वाढलाच नाही. शेवगा पुढे पंधरा वर्षे उभा होता. आई बाजारात जाताना वाट वाकडी करून तिकडून जायची आणि यायची तेव्हा म्हणायची, यंदा शेंगा चांगल्या लागल्या आहेत. तोडत दुसरेच होते. तेव्हा मला तिचा राग यायचा, कशाला जातेस म्हणून. त्या बागेत, त्या खोलगट बगीच्यासमोर उभी असताना मला तिचे जाणे समजले.

म्हणून अध्यक्ष महोदय, आपली परवानगी गृहीत धरून एक विषय काढते. आपण ज्या सभागृहात बसलो आहोत, त्याची आणि शेजारच्या विहाराची जागा ज्या दानशूर गृहस्थांनी दिली, त्यांनी ती शब्दावर दिली. ते आज हयात नाहीत. त्यांचे पुत्र सज्जन आहेत, मागच्या रांगेत बसले आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण त्यांच्या मुलांच्या काळात काय होईल? दहा वर्षे मी ऐकते आहे, "मॅडम, कागद होऊन जातील." दानपत्राची नोंदणी, सात-बारावर किंवा मिळकत पत्रिकेवर संस्थेचे नाव, हे काम या पावसाळ्याआधी व्हावे. शुल्काला पैसे कमी पडत असतील तर माझ्या निवृत्तिवेतनातून पहिली पावती मी आजच फाडते. आणि विद्यार्थ्यांना एक काम आहे: विहार बांधताना ज्यांनी डोक्यावर विटा वाहिल्या, त्यांच्यापैकी चार म्हाताऱ्या बाया अजून आहेत. सुट्टीत त्यांच्याकडे वही घेऊन जा. कोणत्या साली, किती जणींनी, विहिरीवरून पाणी कसे आणले, पिंपळ कोणी लावला, ते तारखेसह लिहून आणा. स्मरणिकेत जाहिराती कमी छापू.

निघताना पाऊस जरा वाढला. लोक चहाघराच्या छपराखाली पळाले. मुलगी म्हणाली, "आई, भिजशील, चल." मी म्हटले, एकदा मूर्तीपाशी जाऊन येते. नातू माझ्याबरोबर आला. बुद्धांच्या कपाळावरून, गालावरून पाणी ओघळत होते, आणि मघाच्या पाकळ्या वाहून मांडीवर आल्या होत्या. नातवाने आपली छत्री वर धरून पाहिली. अर्थात ती पोहोचली नाही. मग तो म्हणाला, "आजी, त्यांचं घर कुठे होतं ते मला दाखव." आम्ही पावसातच तिकडे गेलो.

जयभीम. नमो बुद्धाय.